सहा एकरातली स्कीम: मजल्यांवर भांडू नका, अटी ओसीला बांधून घ्या

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या लेआउटला लागून जे सहा एकराचं वावर आहे ते कृषी पट्ट्यातून रहिवासी करायचा प्रस्ताव मनपाच्या आमसभेत येऊन राहिला, त्यावर चारशे फ्लॅटची स्कीम होणार, आणि तुमच्या ग्रुपवर लोकांनी निवेदन ठरवलं की चार मजल्यांच्या वर नको, छोटे फ्लॅट नको, आणि जमलं तर स्कीमच नको. तुम्ही विचारलं की आमसभेकडून नेमकं मागायचं काय.

मी आमच्या लेआउटच्या समितीत वीसेक वर्षं काम करून राहिलो, दक्षिण नागपुरातच. आमच्या आजूबाजूला वावरं होती तिथे तीन स्कीम उभ्या झाल्या, एकीत आम्ही सपशेल हरलो, दुसरीत बरंच हाती लागलं, तिसरी अजून चालू आहे. त्यावरून जे कळलं ते सगळं सांगतो, थोडं लांबेल.

पहिले मजल्यांचं. मजले किती, एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते) किती हे आमसभा ठरवतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं यूडीसीपीआर आणली, म्हणजे मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली. मूळ एफएसआय १.१० आणि त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा बांधकाम हक्क) किती घेता येतो ते समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर. उद्या आमसभेनं एकमतानं ठराव केला की चारच मजले, तरी नगररचना विभागाच्या टेबलवर नकाशा नियमात बसला की त्यांना मंजुरी द्यावीच लागते. म्हणजे तुमच्या निवेदनातली पहिली मागणी अशा माणसाकडे जाऊन राहिली ज्याच्या हातात ती गोष्टच नाही, आणि बिल्डरला हेच पाहिजे असते, लोक मजल्यांवर भांडत राहिले की बाकी कागद गुपचूप पुढे सरकतात.

आता आमसभेच्या हातात काय आहे ते पहा. पट्टा बदलणं म्हणजे विकास आराखड्यात फेरबदल, तो १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली होतो. आमसभा ठराव करते, मग राजपत्रात नोटीस निघते, हरकती द्यायला एक महिना मिळतो, हरकत देणाऱ्याची सुनावणी होते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. सरकार तो मंजूर करताना अटी टाकू शकते, कायद्यातच तसं लिहिलं आहे. ही एवढीच खिडकी आहे ताई. एकदा जमीन रहिवासी झाली की नंतरची बांधकाम परवानगी हा बिल्डर आणि विभाग यांच्यातला मामला, तिथे शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की लागते, चारशे फ्लॅटला बहुतेक लागेलच, पण इमारतींच्या प्रकल्पांना त्यात जनसुनावणी नसते. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, आहे पण ते मुख्यतः फ्लॅट घेणाऱ्यांच्या रक्षणासाठी, तुमच्या घरात पाणी शिरलं तर तिथे तुम्ही कोणीच नाही. म्हणून जे काही मागायचं ते हरकतीच्या त्या एका महिन्यातच, लेखी.

आणि मागायचं काय, तर पाण्याची लेव्हल. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण आम्ही यातच मार खाल्ला.

पहिल्या स्कीमच्या वेळी रात्री टिप्पर यायचे, मुरूम टाकून जायचे. आम्हाला वाटलं बरं झालं चिखल कमी होईल. मग कंपाउंड वॉल झाली. वावर होतं तेव्हा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं एक छोटी मोरी होती, आमच्या लेआउटचं पावसाचं पाणी त्यातून पलीकडच्या नाल्यात जायचं, ती भिंतीच्या पायव्यात बंद झाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि पाणी जाणार कुठे, पलीकडे भराव, मधे भिंत, आमचा लेआउट म्हणजे परात झाली. कोपऱ्यातल्या घरी एक आजी राहायची, आम्ही पोहोचलो तेव्हा ती बाजेवर पाय वर घेऊन बसली होती आणि गव्हाची कोठी खालून भिजून फुगली होती. भिंतीवर दीड फुटावर पाण्याची जी रेष उठली ती तीनदा रंग मारला तरी अजून दिसते. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर उत्तर मिळालं की ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, इमारतीत राहायची परवानगी) होऊन गेली आहे आणि मंजुरीच्या पत्रात लेव्हलची अटच नाही, मग मोडली काय. त्या साहेबाचंही चूक नव्हतं, पत्र मी स्वतः वाचलं, खरंच नव्हती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं झालं.

दुसऱ्या स्कीमच्या वेळी आम्ही शहाणे झालो. एका मिस्त्रीला रविवारी सकाळी बोलावलं, तो लेव्हल पाईप घेऊन आला, तोच पारदर्शक पाईप ज्यात पाणी भरून ते लोक जोत्याची लेव्हल काढतात. एक टोक आमच्या गडर चेंबरच्या झाकणावर धरलं, दुसरं त्यांच्या गेटसाठी ओतलेल्या काँक्रीटवर, फरक निघाला ६८ सेंटीमीटर. टेप लावून फोटो काढले, त्याच दिवसाचा पेपर बाजूला धरून. भूमी अभिलेखातून मौजाच्या गाव नकाशाची प्रत काढली, त्यात नाल्याची रेष स्पष्ट होती आणि त्यांच्या नकाशात तिथे पार्किंग दाखवलं होतं. सुनावणीत आमचे सहा लोक गेले, भाषण कोणी केलं नाही, फक्त हे दोन कागद टेबलवर ठेवले. साहेबानं दहा मिनिटं पाहिलं आणि अट लिहिली की हद्दीलगत ९०० मिमीची पावसाळी लाईन नाल्यापर्यंत टाकल्याशिवाय ओसी नाही. लाईन पडली. चार महिन्यांत पडली, कारण फ्लॅटवाले ताबा मागून राहिले होते.

तुमच्या सहा एकराचा हिशोब करून पहा. सहा एकर म्हणजे जवळपास २४,२८० चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर २४ लाख लिटर पाणी पडते. आज तिथे काळी माती आणि पीक आहे, थोडं मुरते, थोडं साचून हळूहळू निघते. उद्या छत, गट्टू आणि सिमेंट रोड झाले की त्यातलं बहुतेक पाणी तासाभरात गेटच्या बाहेर. शंभर मिमी म्हणजे फार वाटेल पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, काही तासांत तेवढा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांच्या घरातले फ्रीज तरंगत होते, माणसं गेली. ते नाग नदीकाठचे जुने, चांगले वसलेले भाग आहेत. आपल्याकडे तर नाले आधीच अरुंद आणि लेआउट खोलगट.

रेन वॉटर हार्वेस्टिंग ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला नियमानंच सक्तीचं आहे, ते ते करतीलच, पण काळ्या मातीत नुसता शोषखड्डा दोन पावसाळ्यात गाळानं बसतो. म्हणून अट अशी मागा की आवारातच साठवण टाकी, किती लिटरची ते आकड्यात, त्यातून पाणी हळूहळू नालीत सोडायचं. आणि भरावानंतरची लेव्हल तुमच्या रस्त्याच्या किती वर ते नकाशावर लिहिलेलं पाहिजे, आधीची आणि नंतरची कंटूर (जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेषा) दोन्ही. नुसतं "पाण्याचा योग्य निचरा करावा" असं वाक्य असलं तर ते असून नसल्यासारखं, योग्य म्हणजे काय हे कोण मोजणार.

पिण्याच्या पाण्याचा आणि गडरचा हिशोबही तसाच. माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि घरटी पाच माणसं. चारशे घरं म्हणजे रोज २ लाख ७० हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरनं आणायचं तर रोजचे २७ टँकर, तुमच्याच रस्त्यावरून. त्यातलं ८० टक्के, म्हणजे सव्वादोन लाखाच्या आसपास लिटर रोज गडरमध्ये येणार. एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, ते दाखवतीलच, बांधतीलही, पण तो चालवायला विजेचं बिल येते आणि सोसायटीकडे गेला की पहिले तोच बंद पडतो. तो बंद पडला की घाण पावसाळी नालीत जाते आणि ती नाली तुमच्या दारातून जाते. एसटीपीला वेगळा वीज मीटर पाहिजे, तेवढं मागा, त्याचं रीडिंग पाहिलं की चालतो की नाही ते कोणालाही समजते.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. कागदावर १५ मीटरचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) असतो आणि जागेवर सात मीटरचा सुद्धा नसतो कारण मधल्या कास्तकाराची जमीन अजून घेतलेलीच नाही. पण एफएसआय मात्र कागदावरच्या रुंदीप्रमाणे मिळते. टेप घेऊन मोजा, कमी भरला तर हरकतीत तेच पहिलं टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी एवढं लिहून राहिलो. अट कोणती यापेक्षा ती कोणत्या टप्प्याला बांधली यावर सगळं आहे. "प्रकल्प पूर्ण होण्यापूर्वी" असं लिहिलं की समजा गेलं. कारण बिल्डर सगळी स्कीम एकदम पूर्ण करतच नाही, ए विंग झाली की तेवढ्याची अंशतः ओसी घेतो, लोक राहायला येतात, मग बी विंग, आणि शेवटची विंग दहा वर्षं तशीच पडून राहते. बगीचा, नाली, एसटीपी सगळं त्या शेवटच्या विंगच्या नावानं. नियमात दहा टक्के मोकळी जागा आहे, तुमच्या केसमध्ये साधारण २,४२८ चौरस मीटर, चांगला मोठा बगीचा होतो, पण आमच्या पहिल्या स्कीममध्ये त्या जागेवर अजूनही गिट्टी आणि सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या आहेत. म्हणून प्रत्येक अटीत शब्द असे पाहिजेत: "पहिल्या अंशतः भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी". हे चार शब्द मिळाले तर बाकी निवेदन फाडून टाकलं तरी चालेल.

छोट्या फ्लॅटबद्दल मात्र मी तुमच्या ग्रुपच्या विरोधात आहे आणि स्पष्ट सांगतो. एक एकराच्या वर मोठी स्कीम असली की दहा लाखाच्या वरच्या शहरांत मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकी घरं लहान, ३० ते ५० चौरस मीटरची, द्यायची असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. ज्या मिस्त्रीनं आमची लेव्हल काढून दिली तो रोज चौदा किलोमीटर सायकल मारत येतो, कारण जवळपास त्याला परवडणारं घर नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरं, शाळेतले शिपाई राहतील कुठे? आपण स्वतः गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले, प्लॉट घेऊन, डिमांड (नियमित करायची रक्कम) भरून, आरएलची (नियमितीकरणाच्या पत्राची) वाट पाहत घरं बांधली, २००१ चा कायदा आला म्हणून नियमित झालो. आपल्या वेळेस कोणी म्हटलं असतं की हे लोक नको, तर? ती ओळ निवेदनातून काढा. आणि खरं सांगायचं तर सुनावणीत ती ओळ असली की साहेब पुढचं वाचत नाही, त्याला वाटते हे लोक फक्त विरोधाला आले, आणि नालीचा मुद्दाही तिथेच बुडतो.

धुऱ्यावर जुनी झाडं असतील, कडुनिंब, आंबे, तर आत्ताच मोजून फोटो काढून ठेवा. पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना २०२१ पासून कायद्यात वेगळं संरक्षण आहे, पण झाड होतं हे नंतर सिद्ध करणं फार कठीण.

हरकत एकत्र सह्यांची एक देऊ नका. दोनशे सह्या असल्या तरी ती एकच हरकत मोजतात आणि सुनावणीला एकाच माणसाला वेळ मिळतो. वीस घरांनी वीस वेगळ्या द्या, मजकूर छोटा, प्रत्येकात खसरा नंबर आणि मौजा, एकेकाचा एकेक मुद्दा, कोणी लेव्हलचा, कोणी रस्त्याच्या मोजणीचा, कोणी एसटीपीचा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि आमसभेच्या आधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला घरी बोलावून तो धुरा आणि ती मोरी चालत दाखवा, निवेदन देऊन फोटो काढला तर ते कागद खिशातच राहतात, पण चिखलात उभं राहून पाहिलेलं माणूस सभागृहात बोलतो.

प्रस्ताव अजून आमसभेत आलेला नाही म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, आणि पावसाळाही तोंडावर आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की त्या वावरातून पाणी कुठून कुठे जाते त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, भिंत झाल्यावर ते परत दिसणार नाही. मोजायला कोणी नसलं तर मला मेसेज करा, मिस्त्रीला घेऊन मी एखाद्या रविवारी सकाळी सातला येतो, उन्हं वर यायच्या आत दोन तासांत काम होते. पाईप आहे माझ्याकडे, फक्त गेटजवळ उभं राहून टोक धरायला तुमच्याकडचे दोन लोक लागतील.