‘बायबल बदललेलं आहे’ या आक्षेपाला उत्तर देताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तरुण संघातल्या एका मुलाला कॉलेजच्या मित्राने तीन गोष्टी ऐकवल्या. बायबल म्हणजे भाषांतराच्या भाषांतराचं भाषांतर. त्याच्या जुन्या प्रतींत चार लाख फरक आहेत. आणि कोणती पुस्तकं ठेवायची ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या सभेत ठरवलं. मुलाने घरी येऊन मार्कचं शुभवर्तमान उघडलं, तर शेवटच्या बारा वचनांना कंस. आता तो गप्प गप्प असतो, त्याला काय सांगावं?

आधी काय सांगू नये ते बघू. ‘पवित्र शास्त्राचं एक अक्षरही बदललेलं नाही’ हे वाक्य मंडळीत सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही आणि मोबाइलवर दोन मिनिटांत खोडता येतं. मुलाचा विश्वास त्या वाक्यावर उभा केला असेल, तर वाक्याबरोबर तोही कोसळतो. नकलाकारांच्या हातून फरक पडले, ते आपल्याला दिसतात, आणि दिसतात म्हणून मूळ पाठ शोधता येतो, एवढं म्हणणं पुरेसं आहे. ते पुराव्यानिशी टिकतंही.

भाषांतराचा आक्षेप सर्वांत हलका. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि आजची मान्य भाषांतरं ग्रीकवरूनच होतात. आपल्याकडचंच उदाहरण द्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. मधल्या साखळीतली एकही भाषा त्यांना लागली नाही.

पण या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे आणि तो आपणच सांगावा. १५१६ साली डच विद्वान इरॅस्मसने छापील ग्रीक नवा करार काढला, तेव्हा त्याच्या हाताशी मोजकीच आणि बरीच उशिराची हस्तलिखितं होती. प्रकटीकरणाचं तर एकच, आणि त्याचं शेवटचं पान गळालेलं. ती सहा वचनं त्याने लॅटिनवरून परत ग्रीकमध्ये नेली. त्यातून प्रकटीकरण २२:१९ मध्ये ‘जीवनाच्या झाडा’ऐवजी ‘जीवनाचं पुस्तक’ आलं आणि जुन्या इंग्रजी भाषांतरात ते तसंच राहिलं. पुढे जुनी हस्तलिखितं हाती आल्यावर ही चूक दुरुस्त झाली.

आता चार लाखांचा आकडा. तो खोटा नाही. हल्लीचे अंदाज त्याहून वर जातात. नव्या करारात ग्रीक शब्द साधारण १,३८,००० आहेत, म्हणजे शब्दांपेक्षा पाठभेद (प्रतीप्रतींतले फरक) जास्त हेही खरं. इथे आपले लोक एक चुकीचं उत्तर देतात: ‘एक चूक दोन हजार प्रतींत असली की दोन हजार फरक मोजतात.’ असं कोणी मोजत नाही. वेगळा पाठ एकदाच मोजला जातो, तो किती प्रतींत आहे याचा त्या मोजणीशी संबंध नाही. समोरचा जाणकार असेल तर या एका वाक्यावर तुमची बाकीची बाजूही तो ऐकणार नाही.

आकडा मोठा का, याचं कारण प्रतींची संख्या. ग्रीक हस्तलिखितांच्या अधिकृत यादीत पाच हजारांहून अधिक नोंदी आहेत. जर्मनीतल्या म्युन्स्टरची संस्था ती यादी ठेवते. एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य असते आणि मूळ काय होतं हे ताडून बघण्याची सोयही शून्य. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तीही याच रीतीने: १,२५९ हस्तलिखितं, १९१९ ते १९६६ एवढा काळ, आणि खाली पानोपानी पाठभेदांच्या टिपा. त्या टिपा पाहून महाभारत हरवलं असं कोणी म्हटलं नाही.

हे पाठभेद असतात तरी कसले? फार मोठा भाग शुद्धलेखनाचा. योहान हे नाव ग्रीकमध्ये एका ‘न’ने लिहायचं की दोन, शब्दाच्या शेवटी येणारा वैकल्पिक ‘न’ ठेवायचा की गाळायचा. त्यानंतर येतात शब्दांची उलटापालट आणि ‘येशू’च्या जागी ‘प्रभू येशू’ असले बदल. अर्थ बदलणारे, आणि शिवाय मूळ असण्याची शक्यता असलेले, असे पाठभेद एक टक्क्याच्याही आत येतात. मुलाला मात्र टक्केवारी देऊ नका, उदाहरणं दाखवा.

कानाची चूक: रोमकरांस ५:१. ‘देवाबरोबर आपल्याला शांती आहे’ की ‘शांती असू द्या’? ग्रीकमध्ये फरक फक्त ऱ्हस्व ‘ओ’ आणि दीर्घ ‘ओ’चा, आणि पुढच्या काळात दोन्हींचा उच्चार सारखाच होऊ लागला होता. डोळ्याची चूक: तीमथ्याला पहिलं पत्र ३:१६. पवित्र नावं संक्षेपात लिहीत, त्यामुळे ‘जो’ आणि ‘देव’ यांत एका अक्षरातली आडवी रेघ आणि वरची रेघ एवढंच अंतर उरतं. जुन्या प्रती ‘जो’ म्हणतात. मुद्दाम केलेली दुरुस्ती: मार्क १:२. जुन्या प्रतींत ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिलं आहे’ असं येतं, पण पुढच्या अवतरणाचा पहिला भाग मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाशी जुळतो. कुणा सश्रद्ध नकलाकाराला ते खटकलं आणि त्याने ‘संदेष्ट्यांच्या’ असं केलं. यावरून पाठचिकित्सेतला एक नियमही समजावता येतो: दोन पाठांपैकी जो अडचणीचा, तो बहुधा जुना, कारण नकलाकार अडचण काढतो, मुद्दाम घालत नाही.

मोठे उतारे दोनच, प्रत्येकी बारा वचनांचे. मार्क १६:९-२० हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रमुख ग्रंथप्रतींत नाही. त्या ८व्या वचनावर थांबतात. दुसऱ्या बाजूला इरेनियस या बिशपने इ. स. १८०च्या सुमारास १६:१९ उद्धृत केलेलं आहे, म्हणजे उतारा जुना आहे, फक्त मार्कच्या हातचा दिसत नाही. दुसरा उतारा व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा, योहान ७:५३ ते ८:११. सर्वांत जुन्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींत) तो नाही, ग्रीकमध्ये प्रथम पाचव्या शतकाच्या सुमाराच्या प्रतीत सापडतो, आणि काही प्रतींत तर चक्क लूक २१नंतर येतो. प्रसंग खरा घडलेला असू शकतो, बऱ्याच अभ्यासकांना तसं वाटतंही. पण तो योहानाच्या मूळ लिखाणाचा भाग होता असं पुरावा म्हणत नाही. म्हणून कंस. ते कंस टीकाकारांनी घातलेले नाहीत, शास्त्र छापणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीच घातले, हे मुलाला आवर्जून सांगा.

हे उतारे गेले तर काय जातं? पुनरुत्थान जात नाही: ‘तो उठला आहे’ हे मार्क १६:६ मध्येच आहे. साप उचलण्याचं आणि विष बाधणार नाही असं वचन मात्र १६:१८ मध्ये आहे. त्याच्यावर भलते प्रयोग उभे करणाऱ्यांनी कंसाकडे जरा जास्तच लक्ष द्यावं.

कोणीतरी एका सत्ताधीशाने सगळं बदललं, या कल्पनेत व्यवहाराची अडचण आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस या लिखाणाच्या प्रती इजिप्त, सीरिया, रोम, गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) पसरल्या होत्या आणि लॅटिन-सिरियाक भाषांतरं सुरू झाली होती. सगळ्या गोळा करून एकसारख्या बदलायला त्या कोणा एकाच्या ताब्यात कधीच नव्हत्या. एका प्रांतात बदल झाला की दुसऱ्या प्रांतातली प्रत चहाडी करते. पाठभेद कळतात ते त्यामुळेच.

नायसियाबद्दल थेट सांगा. त्या सभेत एरियसचा वाद (पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की निर्माण केलेला), पुनरुत्थानाच्या सणाची तारीख आणि शिस्तीचे २० नियम हे विषय होते. पुस्तकांच्या यादीचा ठराव त्यांत नाही. पुस्तकं वेदीवर ठेवली आणि खोटी खाली पडली, ही कथा नवव्या शतकाच्या एका ग्रंथातली, म्हणजे साडेपाचशे वर्षांनंतरची. गोंधळाचं एक कारण असं की कॉन्स्टंटाइनने पुढे बिशप आणि इतिहासकार युसेबियसकडून शास्त्राच्या ५० प्रती करवून घेतल्या. प्रती मागवणं वेगळं, यादी ठरवणं वेगळं.

पण ‘यादी पहिल्या दिवसापासून पक्की होती’ असंही म्हणू नका. चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं यांवर दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी एकमत होतं. इब्रीकरांस पत्र, याकोब, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदा आणि प्रकटीकरण यांवर चर्चा चालू राहिली. युसेबियस स्वतः चौथ्या शतकात वादग्रस्त पुस्तकांचा वेगळा गट देतो. आजची नेमकी २७ पुस्तकं एका यादीत प्रथम दिसतात ती बिशप अथनेशियसच्या इ. स. ३६७च्या पत्रात. कडा हळूहळू ठरल्या, गाभा लवकर ठरला.

आता आपल्याच बाजूच्या काही सवयींविषयी. पहिल्या शतकातला मार्कचा तुकडा मिळाल्याचं २०१२ साली एका जाहीर वादविवादात सांगितलं गेलं आणि ते जगभर व्याख्यानांतून फिरलं. २०१८ मध्ये तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा तज्ज्ञांनी तो दुसऱ्या शतकाच्या अखेरचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा ठरवला. तरीही तो खूप जुनाच आहे, पण फुगवलेल्या दाव्याची नामुष्की झालीच. मँचेस्टरमधल्या योहान १८च्या तुकड्याला ‘इ. स. १२५’ अशी नेमकी तारीख चिकटवू नका. ती हस्ताक्षराच्या वळणावरून काढलेली आहे, दुसरं शतक म्हणा. नव्या कराराशी तुलना करायला ग्रीक कवी होमरच्या ६४३ हस्तलिखितांचा आकडा देतात, तो फार जुना झाला. आणि ‘अकरा वचनं सोडून सगळा नवा करार आद्य मंडळीच्या पुढाऱ्यांच्या अवतरणांतून परत लिहिता येतो’ हे तपासात टिकत नाही. व्हॉट्सॲपवर ते दर ईस्टरला येतं.

मित्राने जुन्या कराराकडे मोर्चा वळवला तर मृत समुद्राकाठची गुंडाळी काढा. १९४७ मध्ये कुमरानजवळ यशयाची संपूर्ण गुंडाळी मिळाली, सव्वासात मीटरहून लांब, इसवी सनापूर्वीची; तोवरच्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षांनी जुनी. पाठ मोठ्या प्रमाणावर जुळतो. फरकही आहेत, उदाहरणार्थ ५३:११ मध्ये तिथे ‘प्रकाश’ हा शब्द जास्त येतो. यिर्मयाच्या बाबतीत मात्र त्याच गुहांत लांब आणि आखूड अशा दोन्ही परंपरांचे तुकडे आहेत. एकट्या यशयावरून ‘सगळं हुबेहूब’ असा निष्कर्ष काढलात तर यिर्मया आडवा येतो.

हे सगळं पटलं तरी त्यातून एवढंच निघतं की पहिल्या शतकात जे लिहिलं गेलं ते आपल्या हातात जवळजवळ तसंच आहे. ते खरं घडलं का, हा वेगळा प्रश्न, आणि मित्र पुढे तो विचारणारच. तिथे पाठभेदांचे आकडे पुन्हा पुढे करू नका. करिंथकरांस पहिलं पत्र १५:३-८ पासून सुरुवात करा. पत्र इ. स. ५५च्या आसपासचं, वधस्तंभानंतर पंचवीसएक वर्षांतलं. आणि त्यात पौल म्हणतो की हे आपल्याला दुसऱ्यांकडून मिळालं, म्हणजे उठलेल्या येशूला पाहणाऱ्या साक्षीदारांची तिथली यादी पत्राहूनही जुनी.

मुलाबरोबर बसाल तेव्हा दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं आणि तळटिपा असलेली एक इंग्रजी प्रत शेजारी ठेवा. सिनाई ग्रंथप्रतीची छायाचित्रं २००९ पासून इंटरनेटवर फुकट बघता येतात. मार्कचं शेवटचं पान त्याला स्वतः शोधू द्या. क्रम असा ठेवा: मार्क १:२, मग रोमकरांस ५:१, मग मार्क १६, मग योहान ८. योहानाचं पहिलं पत्र ५:७ शेवटी घ्या. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) वाक्य इरॅस्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हतं, १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं, आणि जुन्या ग्रीक प्रतींत ते नाही. त्रैक्य शिकवताना ते वापरत असाल तर आतापासून थांबवा. मत्तय २८:१९ आणि योहान १:१ वर एकाही जुन्या प्रतीचा वाद नाही.