स्लीव्ह, बायपास की इंजेक्शन?

प्रश्न : वय ४४, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३७, सहा वर्षांपासून मधुमेह. रात्री आडवे झाले की छातीत जळजळते. वजन उतरवायला शस्त्रक्रिया करावी की इंजेक्शनांवर भागेल?

उत्तर : बीएमआय ३५च्या वर आहे, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी तुम्ही पात्र आहातच. कोणती करायची, हे मात्र त्या जळजळीकडे बघून ठरवा. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो, आम्ल वर चढते आणि आहे तो त्रास बळावू शकतो. तुमच्यासाठी बायपास बरा, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणे. मधुमेहालाही त्याचा फायदा होतो. आधी एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) करून घ्या. धूम्रपान असेल तर सोडाच, नाहीतर आतड्याच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो.

इंजेक्शनही काही लेचेपेचे नाही. भूक कमी करणारे सेमाग्लुटाइड हे औषध आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. घाईने डोस वाढवला की उलट्या होतात आणि लोक औषधालाच नावे ठेवतात. चाचण्यांमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले, मधुमेहींचे मात्र १० टक्क्यांच्या आसपासच. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या, साखर एकदम खाली जाऊ शकते.

बायपास केलात तर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, आणि बी१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर. कॅल्शियम सायट्रेट रूपातले घ्या. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.