ऊर्जा नियोजनात जायचंय, पण शिकायचं काय?

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एखाद्या प्रदेशाची ऊर्जेची गरज, तिथली आर्थिक वाढ आणि पर्यावरण यांचा मेळ घालणारं काम मला करायचं आहे. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करू की अर्थशास्त्राकडे वळू? घरचे म्हणतात, पर्यावरणात नोकऱ्या नाहीत.

उत्तर : घरच्यांची काळजी अनाठायी नाही. नुसत्या आवडीपोटी घेतलेली पर्यावरणाची पदवी नोकरीच्या वेळी अडते, हे मी पाहिलं आहे. पण तू म्हणतेस ते काम ऊर्जा नियोजनाचं आहे आणि त्याचा पाया हिशेब आहे.

आधी ऊर्जेचा ताळेबंद मांडायला शीक. कोळसा, तेल, वायू, वीज, लाकूडफाटा किती आला, वाटेत किती वाया गेला, कुणी किती वापरला. बहुतेक मुलं फक्त विजेचा विचार करतात. जगात ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या ऊर्जेत वीज जेमतेम एक पंचमांश असते; बाकीचं बहुतेक इंधन भट्ट्या, बॉयलर, चुली आणि वाहनांत थेट जळतं.

मग जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांचं सूत्र घे. कार्बन उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागचा कार्बन यांचा गुणाकार. उत्पन्न घटवा असं कुठलाच प्रदेश मान्य करणार नाही, करूही नये. म्हणून तुझं सगळं काम शेवटच्या दोन घटकांत आहे.

तिथेही फसगत होते. वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवून दिलं. ऊर्जा स्वस्त पडली की माणसं ती जास्त वापरतात. यंत्र भौतिकशास्त्राने कळतं, ही वागणूक अर्थशास्त्राने. भौतिकशास्त्र तुझ्याकडे आहेच, म्हणून माझं मत ऊर्जा अर्थशास्त्राच्या बाजूने. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि ऊर्जा प्रतिमानं, म्हणजे ऊर्जेच्या मागणी-पुरवठ्याची गणिती मॉडेल्स, नसतील तर प्रवेश घेऊ नकोस. वीज नियामक, वितरण कंपन्या, मोठे उद्योग आणि संशोधन संस्था यांना अशी माणसं लागतात, हे घरी सांग.

प्रवेशाआधी एका प्रदेशाचा ताळेबंद स्वतः मांड. स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचं 'लीप' सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे, पण सुरुवात साध्या स्प्रेडशीटवर कर. आकडे मिळाले नाहीत तिथे अंदाज कसा बांधलास, ते बाजूला लिहून ठेव. मुलाखतीत मी असतो तर सगळ्यात आधी तेच विचारलं असतं.