मी काय बोलणार, ताई?

प्रश्न : ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी सोलापूरची. अशोक चौकाच्या अलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर. वय ३७. दहावीला गणितात गेले ती गेलेच. मालक टॉवेलच्या मागावर आहेत, बहुतेक रात्रपाळी. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, डझनावर पैसे मिळतात. दोन मुलं आणि सासूबाई.

आमच्या महिला मंडळात पाळकबाईंनी मला काम दिलंय. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, त्या उपासनेत दहा मिनिटं बोलायचं, बायबलातल्या नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायावर. माझ्यासारखी काय बोलणार? मंडळात दोघी शिक्षिका, एक सिस्टर, एक बँकेत. त्यांचं मराठी ऐकलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, आठवडाभर विचार कर. घरी सांगितलं तर सासूबाई हसल्या, "तू तिथं उभी राहून 'काय बे' म्हणशील." मुलं हसली. मीपण हसले, पण रात्री मशीनवर बसल्यावर रडू आलं.

आणि तो अध्यायच नको वाटतो. त्यातली ती 'सद्गुणी' बाई रात्र सरायच्या आत उठते, तिचा दिवा विझत नाही, नवरा तिची स्तुती करतो. माझ्या घरात चिंध्या नि धागे. पोरं सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत जातात. मजुरी आली की सासूबाईंच्या हातात देते, लागले तर मागून घेते. माझ्यासारखीनं त्या अध्यायावर बोलायचं म्हणजे खोटेपणाच की.

मैत्रीण म्हणते, आत्मविश्वास ठेव. पण आत्मविश्वास म्हणजे गर्वच ना? आपण नम्र असावं असंच शिकलो. मी नको म्हणाले ही नम्रता का भित्रेपणा, मला कळंना झालंय.

— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : सलाम गं. तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या एका हातात शेंगांची चटणी कुटायचा बत्ता होता, त्यामुळं पाकिटावर लाल बोटं उमटली आहेत. पत्र दोनदा वाचलं. 'माझ्यासारखी' हा शब्द दोन ठिकाणी सापडला, आणि दोन्ही ठिकाणी तू स्वतःला खालीच बसवलंयस.

आधी नम्रतेचं बघू, गाठ तिथं बसलीये. पौलाच्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय काढ, तिसरं वचन. त्याचा अर्धाच भाग आपल्याला लहानपणापासून ऐकवतात, की माणसानं स्वतःला वाजवीपेक्षा मोठं समजू नये. बरोबर आहे. पण वाजवीपेक्षा लहान समजावं असं तिथं कुठं लिहिलंय? नीट विचार करून, जेवढं आहे तेवढं समजा, असं पौल म्हणतो. मंडईत भाजीवाल्यानं काटा मारला तर आपण हुज्जत घालतो. खोटा काटा देवाला खपत नाही हे तुझ्या नीतिसूत्रांतच आहे, अकराव्या अध्यायाचं पहिलं वचन. तिथं पारड्यात कांदेच असले पाहिजेत असं काही नाही. तू स्वतःला मापायला बसलीस आणि काटा मारलास तरी तो खोटाच.

तू शिवलेल्या कॉलरची दोन्ही टोकं सारखी येतात का? येत असणार, नाहीतर ठेकेदारानं डझनच्या डझन परत पाठवले असते. मग कुणी विचारलं तर 'हो, येतात' म्हणायचं. हा झाला हिशेब. शेजारणीच्या कॉलरला नावं ठेवलीस की मग गर्व सुरू झाला समज.

आता तो अध्याय. मलाही तो कित्येक वर्षं नकोसा होता. मी परिचारिका होते. रात्रपाळी संपवून सकाळी आठला घरी येणाऱ्या बाईला 'ती पहाटे उठते' वाचून दाखवलं तर तिनं काय करावं? मी झोपायला निघालेली असायची! पुढं एका म्हाताऱ्या पाळकांनी तो मला उलगडून सांगितला, तेव्हा कळलं की आपण तो चुकीच्या हातात दिलाय.

बघ, दहाव्या वचनापासून शेवटापर्यंत बावीस वचनं आहेत, आणि हिब्रू अक्षरंही बावीस. प्रत्येक वचन क्रमानं पुढच्या अक्षरानं सुरू होतं, जसं आपण 'अ' ते 'ज्ञ' कुणाचं कौतुक गुंफावं तसं. ते एका बाईच्या एका दिवसाचं वेळापत्रक नाही. एका दिवसात तेवढं करायला बसली तर ती दुपारी तीनलाच आडवी होईल. आणि अध्यायाचं पहिलं वचन आपण नेहमी गाळतो. तिथं सांगितलंय की हे लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलं. आई मुलाला सांगतेय, बाबा, बाईत काय बघायचं असतं ते बघायला शीक. मुलाला दिलेला धडा आपण सुनांच्या हातात यादी म्हणून ठेवला.

दुसरं म्हणजे तो 'सद्गुणी' शब्द. आपल्याला तो ऐकला की खाली मान घातलेली, हळू बोलणारी बाई डोळ्यांपुढं येते. मूळ हिब्रू शब्द आहे 'हयिल'. बळ, पराक्रम, सैन्यसुद्धा, असे त्याचे अर्थ. हाच शब्द बायबलातल्या शास्ते पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवदूत गिदोनाला वापरतो. पराक्रमी वीरा, अशी हाक मारतो. आणि वीर त्या वेळी काय करत होता? मिद्यानी लोकांच्या भीतीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. हाक ऐकून म्हणतो काय, तर माझं घराणं सगळ्यात दुबळं, आणि बापाच्या घरात मी सगळ्यात धाकटा. वाच एकदा. तुझंच पत्र आहे ते, फक्त सोलापूरचा शिक्का नाही. देव त्याला 'असं बोलू नकोस' म्हणून समजावत बसला नाही, त्यानं कामाला पाठवलं, आणि मी तुझ्याबरोबर असेन एवढं सांगितलं.

बायकांमध्ये हा शब्द रूथला मिळाला. परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिच्या घरात दिवा रात्रभर जळत होता की नाही, कुणी विचारलं नाही.

आणि आता चोविसावं वचन. बोट ठेवून वाच. ती बाई कपडे तयार करून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. अगं, ती शिवणकामाचाच धंदा करते! मंडळातल्या शिक्षिका हुशार असतील, सिस्टर तर असणारच (आमची जात), पण त्या अध्यायातलं काम स्वतःच्या हातानं करणारी त्या खोलीत तू एकटी आहेस. पाळकबाईंनी तुला उगीच निवडलं असं मला वाटत नाही.

पैशाचंही त्यातच आहे. ती बाई आपल्या कमाईतून मळा लावते, आणि शेवटच्या वचनात म्हटलंय की तिच्या हातांचं फळ तिला द्या. तिला! सासूबाईंशी भांडण काढू नकोस. तुझ्या नावाचं बँकेत खातं उघड, आणि दर डझनामागं थोडे तुझ्याकडं ठेवणार असल्याचं त्यांना सरळ सांग. आधी सांग, मग ठेव, चोरून नको. आणि त्या हसल्या म्हणून मनात धरू नकोस. त्यांना उभ्या आयुष्यात कुणी वेदीपुढं उभं केलं होतं का, एकदा विचारून बघ. मला वाटतं नसेल केलं.

भाषेचं. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा, म्हणजे नवरा गेला म्हणून ही मागोमाग गेली असंही नाही, पाच वर्षं स्वतः विचार करून गेली. आणि मग त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं ते कसल्या भाषेत? चुलीपुढं बसून बोलावं तसल्या. म्हणूनच मराठी माणूस अजून ते वाचतो. पंडिता रमाबाई तर संस्कृतच्या पंडिता, पण बायबलाचं भाषांतर करायला बसल्या तेव्हा हिब्रू-ग्रीक शिकून घेऊन मुद्दाम सोपं मराठी वापरलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर आला, आणि छापायचं काम त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या बायकांनीच केलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं ना, तिथं. पुढच्या वेळी गाडीतून जाशील तेव्हा खिडकीजवळ बस.

'काय बे' तोंडून गेलंच तर जाऊ दे. समोर बसलेल्या निम्म्या घरी तेच बोलतात.

माझं सांगते. २९ वर्षांची असताना मला उपासनेत वाचन दिलं होतं. 'कफर्णहूम' वर अडकले, दोनदा 'कर्फनहूम' झालं. मागच्या बाकांवर खुसखुस. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानं सांगितलं, बाई, तुम्ही आपलं चहाचं बघा. पुढची अकरा वर्षं मी चहाचं बघितलं. चहा चांगला व्हायचा.

मग वॉर्डात एक म्हातारी आली. विड्या वळणारी, तेलुगू बोलणारी, आपली ख्रिस्ती नव्हे. विड्या वळून वळून बोटं आखडलेली, छातीत घरघर. रात्री दोन वाजता मला म्हणाली, "सिस्टर, तुझ्या देवाला काहीतरी सांग की." मी आधी इकडंतिकडं बघितलं, पाळकसाहेब कुठं आहेत का म्हणून. रात्री दोनला कोण असणार! मग तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, थोडं मराठीत, थोडं मला येतं तेवढ्या मोडक्या तेलुगूत. ती झोपली. सकाळी घरी जाताना रिक्षात आठवून बघितलं, मी किती वेळा अडखळले ते. आठवेना. माझं लक्ष तिच्या छातीच्या भात्याकडं होतं, माझ्या जिभेकडं नव्हतंच. पुढच्या रविवारी पाळकांना म्हटलं, वाचन द्या मला.

तर आता तुझ्या दहा मिनिटांचं. अख्खा अध्याय घेऊ नकोस, चोविसावं वचन घे. जाताना पिशवीत एक तयार शर्ट ने. वर धर, आणि कॉलर कशी होते ते सांग, बकरम कसं लावतात, आधी उलटी शिवून मग सुलटी कशी करतात, टोक कसं काढतात. तीन-चार मिनिटं त्यातच जातील आणि सगळ्या ऐकतील, कारण हे त्यांना येत नाही. मग रात्री मशीनवर एकटी असताना तू देवाशी काय बोलतेस ते सांग. रडलीस ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मोठ्या अक्षरात लिहून काढ आणि मशीन बंद करून तीनदा मोठ्यानं वाच. सासूबाई घरात असतानाच वाच. चौथ्या वेळी त्या चूक काढतील, ती दुरुस्त करून घे.

पाळकबाईंना आजच फोन कर, आठवडा संपायची वाट बघू नकोस. आणि भीती जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाय लटपटायला लागले की समोरचं टेबल घट्ट धरायचं. मी अजून धरते.

प्रश्न : मी २३ वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. रंगावरून दोन स्थळं परत गेली. आई प्रत्येक प्रार्थनासभेत माझ्या लग्नाचा विषय मोठ्यानं सांगते. मला मान वर करावीशी वाटत नाही.

— वाचक, विजापूर रोड

उत्तर : बायबलातल्या गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन वाचलंयस? ती तरुणी स्वतःच सांगते की मी काळी आहे, आणि सुंदर आहे. आपल्या भाषांतरांत मध्ये 'तरी' किंवा 'पण' येतो. हिब्रूत तिथं एकाच अक्षराचा जोडशब्द आहे, आणि त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो. मी माझ्या प्रतीत पेन्सिलीनं 'आणि' करून ठेवलंय, छपाईवाल्यांनी माफ करावं. उन्हानं रापले, कारण भावांनी मला मळ्यांची राखण करायला लावली, असं ती पुढं सांगते. लाजत सांगत नाही.

परत गेलेल्या स्थळांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. गेली ते बरं झालं.

आईला मात्र रागावू नकोस, तिला काळजी आहे आणि दुसरीकडं बोलायला जागा नाही. तिला बाजूला घेऊन सांग, आई, सहा महिने माझा विषय बदल, लग्नाऐवजी शेवटच्या वर्षाची परीक्षा घे. ती मोठ्यानं सांगितली तरी चालेल. तारीख लागली की मलाही कळव, मीही तो विषय घेईन.