पाहुण्यांसमोरचे जर्मन

इंदिरानगर, नाशिक येथील एका वडिलांनी लिहिले आहे की, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातील मुलीला ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी१ या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेत वाचन, श्रवण आणि लेखनात ८० च्या आसपास गुण मिळाले, संभाषणात मात्र ५२. धीटपणा यावा म्हणून ते पाहुण्यांसमोर तिला जर्मन बोलून दाखवायला सांगतात, तरी ती गप्पच. ‘मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते, मग तिला परक्या भाषेचे अंगच नाही का?’

आपल्या पत्रात मला ५२ गुणांपेक्षा ते पाहुणे अधिक खटकले. त्यांना जर्मन येत नाही, म्हणजे ते भाषा ऐकत नाहीत, मुलीला पाहतात. आणि आपण ज्याला सराव म्हणता, ती तिच्या दृष्टीने दर रविवारची परीक्षा आहे. हे आजपासून बंद करावे.

परीक्षेचे चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात व प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात, तेव्हा तिला केवळ संभाषणच पुन्हा द्यायचे आहे.

भीती म्हणजे अंग नसल्याची खूण, हा समज मात्र सोडावा. इलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली मांडली, तेव्हा बोलण्याचा संकोच आणि परीक्षेचा ताण यांच्याबरोबरच ‘लोक आपल्याला काय समजतील’ ही धास्तीही त्यांनी विचारात घेतली होती. मराठीत वाद घालणारी, कोट्या करणारी मुलगी जर्मनमध्ये ‘कारण’ म्हटल्यावर क्रियापद शेवटी न्यायचे आहे, या विचारातच अडखळते (मराठी माणसाला हे तरी नवे नसावे!), आणि आपण आहोत त्याहून बावळट दिसत आहोत, हे तिला त्याच क्षणी जाणवत असते. अशी जाणीव बुद्धी असल्यामुळेच होते.

झोल्टान डॉर्न्येई या अभ्यासकाने शिकणाऱ्याच्या मनातील दोन प्रतिमा वेगळ्या केल्या : स्वतःला व्हावेसे वाटते ती आणि इतरांसाठी व्हावे लागते ती. ‘जर्मनीला पाठवायचे आहे’ हे आपण चार वेळा लिहिले आहे. तिला जायचे आहे का, हे एकदाही नाही. ते आधी विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर ते ऐकून घ्या.

‘हो’ आले, तर वर्गातील एखादी मैत्रीण सरावाला पुरे. बी१चे संभाषण बहुधा जोडीनेच घेतात. दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो, पाठ केलेले म्हणून दाखवायचे नसते. पुढील परीक्षेची तारीख मात्र तिलाच निवडू द्यावी.