एकाच वजनाच्या चिनी, मलय आणि भारतीय पुरुषांत चरबी जाळण्याची क्षमता वेगळी असते का?

फरक असू शकतो; दक्षिण आशियाई आणि युरोपीय पुरुषांत तो मोजलेला आहे. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ते मला झोंबलं. सिंगापुरात ऑफिसातल्या चिनी आणि मलय मित्रांबरोबर तुम्हीही संध्याकाळी चालायला लागलात, त्यांची पोटं उतरली, तुमचं तसंच राहिलं, ‘मग आपल्या रक्तातच नसेल तर घाम गाळून उपयोग काय?’ हे शेवटचं वाक्य माझा सख्खा मोठा भाऊ सांगलीत बसून मला गेली कित्येक वर्षं ऐकवतोय. त्याला समोर बसवून जे सांगायचं आहे ते आज तुम्हाला सांगतो.

मीही सिंगापुरातच असतो. अंगकाठी तुमच्यासारखीच: हातपाय बारीक, पोट पुढे, चाळिशीतल्या आपल्या बहुतेक पुरुषांची असते तशी. काही वर्षांपूर्वी इथल्या एका प्रयोगशाळेला चाचण्यांसाठी जादा वजनाचे चिनी, मलय आणि भारतीय पुरुष हवे होते. आमच्या मजल्यावरून तिघे गेलो, एक चिनी सहकारी, एक मलय सहकारी आणि मी. तिघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते माप, जवळजवळ सारखा.

रात्रीपासून पोटात अन्न नाही. सकाळी सायकलवर बसवलं, नाकातोंडावर रबरी मुखवटा घट्ट आवळला, त्याला जाड नळी. दर काही मिनिटांनी पायडल जड होत जातं. बाजूच्या पडद्यावर एक आकडा सतत हलत असतो: सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन. तो ०.७ च्या जवळ असेल तर शरीर जवळपास पूर्ण चरबीवर चाललंय, १ ला टेकला की सगळा भार साखरेवर. माझा आकडा पायडल अजून हलकं असतानाच ०.९ च्या पुढे गेला. म्हणजे मी जेमतेम चालण्याइतकं काम करत होतो आणि माझ्या शरीराने चरबी बाजूला ठेवून साखर जाळायला घेतली होती. मुखवट्यात साचलेला घाम हनुवटीवरून गळ्यात उतरत होता, मांड्या भरून आल्या होत्या, चाचणी घेणाऱ्या बाई ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत होत्या. तिघांत सगळ्यात आधी पाय थांबले ते माझे. मलय सहकारी तेवढ्याच पोटानिशी बराच वेळ ०.८५ च्या आसपास राहिला. चिनी सहकारी आम्हा दोघांच्या मधे कुठेतरी.

दुपारी जेवताना आमचे वरिष्ठ म्हणाले, भारतीयांना घाम गाळायला आवडतच नाही. टेबलावरचे हसले, मी हसलो नाही. रात्री दादाला फोन केला तर तो खुशीत. ‘मग! मी काय सांगत होतो? आपल्या घराण्याचं पोटच असं. आबांचं होतं, अण्णांचं होतं. उगाच जिवाला त्रास करून घेतोस.’ एकाने माझ्या आकड्याची शिवी केली, दुसऱ्याने सबब केली. दोघांचाही राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आता फरक कुठून येतो ते. २०१० साली ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २० दक्षिण आशियाई आणि २० युरोपीय पुरुष घेतले, वय आणि बीएमआय जुळवून. दमसास, म्हणजे जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, आपल्या लोकांचं सरासरी ४०.६ निघालं आणि त्यांचं ५२.४ (दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, मिलिलिटरमध्ये). व्यायाम करताना चरबी जळण्याचं प्रमाण आपल्या लोकांत जवळपास ४० टक्क्यांनी कमी. शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, त्याचाही बराचसा संबंध याच दोन गोष्टींशी लागला. हा अभ्यास मी दादाला पाठवला तेव्हा त्याने फक्त ‘४० टक्के कमी’ एवढंच वाचलं. दमसास हा शब्द त्याने वाचलाच नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

व्यायामात चरबी जळते ती स्नायूंत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही दिसायला सडपातळच. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांनी जे काम केलं त्यात हेच जन्मापासून दिसलं: बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५. आपल्या बाळाचे दंड बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी बरीचशी टिकलेली. म्हणजे सारख्या बीएमआयचे दोन पुरुष तुम्ही शेजारी उभे केलेत तर आपल्या माणसात ऑक्सिजन वापरणारं मांस कमी आणि नुसतं वाहून न्यायचं वजन जास्त असतं. त्यातून दमसास मोजताना भागाकार सगळ्या वजनाने करतात, चरबीसकट. लहान इंजिनाच्या टेंपोत जादा माल भरल्यासारखं आहे ते. आकड्यातला काही फरक इथेच तयार होतो.

आणि तुम्ही लिहिलंय ते तर पोट सुटलेल्या पुरुषांबद्दल, म्हणून हे मुद्दाम वाचा. सिंगापुरातच चिनी, मलय आणि भारतीय पुरुषांवर झालेल्या अभ्यासात सडपातळ असताना चिनी आणि मलय पुरुषांचं शरीर इन्सुलिनला भारतीयांपेक्षा चांगली दाद देत होतं. वजन वाढलेल्यांत मात्र हा फरक उरलाच नाही. पोट सुटलं की तिघेही एकाच रांगेत. इथे मधुमेहाचं प्रमाण चिन्यांपेक्षा मलय आणि भारतीयांत जास्त आहे हे खरंच आहे, पण जाड चिन्याला काही कवचकुंडलं मिळालेली नाहीत.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलतो. आमच्या वरिष्ठांनी ज्यांच्याशी माझी तुलना केली ते दोघे या देशात वाढलेले. अठरा पूर्ण झाले की मुलगा राष्ट्रीय सेवेत जातो, दोन वर्षं. जाड मुलांचं सुरुवातीचं प्रशिक्षणच जास्त आठवड्यांचं असतं. बाहेर पडल्यावरही पुढे बरीच वर्षं शारीरिक परीक्षा: पुश-अप, सिट-अप आणि २.४ किलोमीटर धावणं. माझा मलय सहकारी पोट सुटलेलं असूनही ती परीक्षा दिल्याशिवाय राहू शकत नाही, शिवाय आठवड्याला फुटबॉल. आणि मी? आमच्या शाळेत दहावीला खेळाचा तास गणिताच्या सरांनी घेतला तो परत दिलाच नाही. पुढे बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, विमान. वाढत्या वयात ज्या वर्षांत स्नायू आणि दम कमवायचा ती वर्षं मी बाकावर बसून काढली. मग त्या सायकलवर जे मोजलं गेलं त्यात वंश किती आणि बाक किती, हे कोण सांगणार? माझ्या ब्लॉकमधला तमिळ शेजारी इथेच जन्मलेला, तीच राष्ट्रीय सेवा करून आलेला. ईस्ट कोस्ट पार्कला तो मला सहज मागे टाकतो. भारतीय तोही आहे. तुमची तुलना करायचीच असेल तर आधी त्याच्याशी करा.

म्हणून ‘घाम गाळून उपयोग काय’ याला माझं उत्तर असं की उपयोग आहेच, फक्त आपल्याला मात्रा जास्त लागते. ग्लासगोच्याच गटाने २०१३ साली हिशेब मांडला होता: युरोपीय पुरुषाला आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जे मिळतं ते मिळवायला दक्षिण आशियाई पुरुषाला साधारण २६६ मिनिटं लागतात. तुम्ही मित्रांबरोबर तेवढंच चाललात आणि तेवढ्याच फळाची अपेक्षा केलीत. तुम्हाला रोज पाऊण तासाला थोडं कमी, असं सातही दिवस धरावं लागेल. अन्याय वाटतो? मलाही वाटतो. पण चालायचं आहेच.

चाल अशी ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ट्रेडमिलवर ‘फॅट बर्न’ लिहिलेल्या पट्ट्यात रमू नका. कमी वेगात चरबीचा वाटा जास्त दिसतो, पण एकूण जळतंच थोडं. खरी कमाई ही की काही महिन्यांत स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, वाढतात आणि त्याच वेगाला शरीर जास्त चरबी वापरायला लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, उठाबशा काढा, काहीही करा पण मांड्या आणि पाठ कमवा, कारण आपलं दुखणं स्नायूंचं आहे. पोटाला घामाचे पट्टे बांधून फिरणारे आपले बांधव मला दर शनिवारी दिसतात. घामातून पाणी जातं, चरबी नाही. आणि चालायला निघण्याआधी ते तेह तारिक, म्हणजे इथला दुधाचा गोड चहा, पिऊ नका. गोड चहाने इन्सुलिन वर जातं आणि इन्सुलिन वर असताना चरबी पेशींतून फारशी सुटत नाही. प्यायचीच असेल तर कोपी-ओ कोसोंग घ्या, काळी आणि बिनसाखरेची.

वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि जादा वजन आपल्यात बीएमआय २३ पासूनच धरतात. माझं वजन फार उतरलं नाही, पण कंबर उतरली, जिने चढताना लागणारी धाप गेली आणि काठावर आलेली साखर मागे गेली. हे दादाला सांगितलं की तो म्हणतो, तुला सिंगापूरची हवा मानवली. इथली हवा! इथे सकाळी सात वाजता शर्ट पाठीला चिकटतो.

दादा, तू हे वाचशीलच, वहिनी वाचून दाखवतील. आबांचं पोट होतं हे खरं आहे. पण आबा पार थकेपर्यंत मळ्यात चालत जायचे आणि चालत यायचे, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन. तू आबांचं पोट तेवढं घेतलंस, मळ्याची वाट सोडलीस. किराणा आणायला कोपऱ्यापर्यंत गाडी काढतोस आणि वर घराण्याला बोल लावतोस. अण्णांना पन्नाशीत साखर निघाली, तुला त्याच्याही आधी निघाली, आणि तुझा मुलगा आत्ताच तुझ्यासारखं बोलायला लागलाय. मला खरी काळजी त्याची आहे.

तुमच्या मित्रांची पोटं तेवढ्याच चालण्यात का उतरली, ते त्यांचं ताट बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. कदाचित त्यांनी रात्रीचं जेवण कमी केलं असेल. तुम्ही चालून आल्यावर काय खाता ते तुम्ही लिहिलेलं नाही. चाललेलं सगळं दोन पराठ्यांत भरून निघतं हे तुम्हाला ठाऊक असेलच.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वर सांगितलेला २०१० चा अभ्यास लहान आहे आणि फक्त पुरुषांचा आहे, त्यातून बायकांबद्दल काही काढू नका. दक्षिण आशियाई या एका नावात पंजाबी शेतकरीही आला आणि आपला कोकणातला माणूसही, सगळ्यांची शरीरं एक नाहीत. माझे सायकलवरचे आकडे हे एका माणसाचे एका सकाळचे आहेत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘दम कमी आहे’ म्हणून सोडून देऊ नका, तिथेच थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा. आणि चाळिशी ओलांडली असेल तर व्यायाम वाढवण्याआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची चाचणी) आणि रक्तदाब तपासून घ्या.