बक्षिसाची तारीख लिहून घ्या

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी 26 वर्षांचा आहे. स्नूकर खेळतो, सकाळी दोन मुलांना शिकवतो, घर त्यावरच चालतं. सात महिन्यांपूर्वी नागपुरातल्या एका खुल्या स्पर्धेत मी उपविजेता ठरलो. 64 खेळाडू होते, प्रत्येकी 1,500 रुपये प्रवेश फी. पोस्टरवर विजेत्याला 60,000, उपविजेत्याला 30,000, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना 12,000-12,000, त्याआधीच्या फेरीतल्या चौघांना 5,000-5,000 आणि सर्वोच्च ब्रेकला (एका पाळीत सलग मिळवलेल्या सर्वाधिक गुणांना) 5,000 असं छापलं होतं. ट्रॉफी मिळाली, पुठ्ठ्याचा मोठा चेक धरून फोटोही झाला. पैसे मात्र आजवर नाहीत. विचारलं की आयोजक म्हणतात, ‘स्पॉन्सरनं दिले की देतो ना राजा, पैसे कुठं पळून चालले का?’ बाकी सात जणांचीही हीच गत आहे. जास्त बोललो तर पुढच्या वेळी एन्ट्रीच घेणार नाहीत, अशी भीती वाटते. मागायचं तरी कसं?
– एक खेळाडू, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुझं वय माझ्या धाकट्या मुलाएवढं, म्हणून एकेरीत लिहितो.

पत्र वाचल्यावर मी आधी कागदावर बेरीज मांडली. 64 जणांचे 1,500 म्हणजे 96,000 रुपये. सगळी बक्षिसं मिळून 1,39,000. म्हणजे स्पॉन्सरकडून यायचे होते ते 43,000 आणि वरचा खर्च. हॉलचं भाडं, रेफ्रींचं मानधन, टेबलाचं कापड, चहा-जेवण, हे सगळं धरलं तरी खेळाडूंच्या खिशातून गोळा झालेली रक्कम स्पर्धेच्या पहिल्या दिवशी आयोजकांच्या हातात होती. ‘स्पॉन्सरनं दिले की देतो’ हे उत्तर फार तर एक तृतीयांश रकमेला लागू पडतं. बोलायला बसशील तेव्हा हा हिशेब खिशात ठेव. आवाज चढवायची गरज पडणार नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण मी दोन्ही बाजूंना उभा राहिलोय. बँकेत नोकरी करत करत मी वीस वर्षं बिलियर्ड्स खेळलो, नंतर बरीच वर्षं स्पर्धा भरवल्या. तरुणपणी बाहेरगावच्या एका स्पर्धेत मला दुसरं बक्षीस होतं, 5,000 रुपये. तेव्हा तो माझा दोन महिन्यांहून जास्त पगार होता. बक्षीस समारंभाच्या आधी एका गृहस्थांनी महसुली तिकीट लावलेलं व्हाउचर पुढे केलं, ‘ऑडिटसाठी लागतं, सही करून ठेवा, रक्कम उद्या.’ मी सही केली. रात्रीच्या गाडीनं नागपूरला आलो आणि चौदा महिने पत्रं लिहीत बसलो. शेवटी 2,000 मिळाले. उरलेल्या 3,000 साठी भांडायला गेलो, तर त्यांनी माझ्याच सहीचं व्हाउचर समोर ठेवलं. तो कागद अजूनही डोळ्यांसमोर येतो. म्हणून तुला पहिला प्रश्न हाच : समारंभाच्या गडबडीत तू किंवा बाकी कुणी ‘रक्कम मिळाली’ अशा कागदावर सही केली आहे का? केली असेल तर आजच आयोजकांना ईमेल किंवा मेसेज पाठव, की सही अमुक दिवशी घेतली, रक्कम अजून मिळालेली नाही. त्यांनी ‘हो, देतो’ एवढं जरी उत्तर दिलं, तरी व्हाउचरचा धोका बराच कमी होतो.

आपल्या खेळात पैशाचं बोलायला जीभ अडखळते, याला कारण आहे. स्नूकर 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती आपलं नागपूर. पुढेही हा खेळ क्लबांमध्येच वाढला. बक्षिसावर ज्यांची चूल अवलंबून नव्हती, त्यांनी या खेळाच्या रीती घडवल्या. विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेही हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत. त्या पिढीबद्दल मला अपार आदर आहे. पण तू 1,500 रुपये भरून, पोस्टरवरचा आकडा बघून उतरलास. तुझं मागणं म्हणजे मजुरी मागणं आहे. त्यात कमीपणा कसला?

आता मागायचं कसं ते. एकट्यानं फोन करणं आजपासून बंद कर. तुम्ही आठ जण आहात, आठही जण एका कागदावर या. आधी आपापसात एक गोष्ट पक्की करा : मिळतील ते पैसे सगळ्यांना सारख्या प्रमाणात, कुणीही गुपचूप स्वतःचा हिशेब मिटवायचा नाही. आयोजक बहुतेक विजेत्याला बाजूला घेऊन 30,000 देऊ करतील, आणि तो गप्प बसला की पाच हजारवाल्यांना कुणी विचारणार नाही. हे मी अनेकदा पाहिलंय. विजेत्याला हे आधी सांगा, मोकळेपणानं सांगा.

मग एका पानाचं पत्र लिहा. स्पर्धेचं नाव, तारखा, प्रत्येकाचं बक्षीस, सोबत पोस्टरची प्रत आणि निकालाचा तक्ता. पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नको, सोशल मीडियावर नावानिशी काही टाकणंही नको. त्यातून बदनामीची उलट नोटीस येते आणि मूळ मुद्दा मागे पडतो. बोलणी करायला सोबत असा माणूस न्या, ज्याच्याबद्दल दोन्हीकडे आदर आहे. आपल्या हॉलमध्ये चाळीस वर्षं गुण मांडणारे जुने मार्कर असतात. त्यांच्यासमोर खोटं बोलणं आयोजकांना जड जातं.

तिथे गेल्यावर आणि पत्रातही ‘पैसे द्या’ एवढ्यावर थांबू नका, तारखा मागा. माझा सल्ला असा : निम्मे, म्हणजे 69,500 रुपये, दहा दिवसांत सगळ्यांच्या बँक खात्यात. उरलेले 34,750 च्या दोन हप्त्यांत, एकेक महिन्याच्या अंतरानं, आणि त्या हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक आजच हातात. तुझ्या वाट्याला आधी 15,000, मग 7,500, मग 7,500 येतील. हप्ते मान्य करणं म्हणजे हार मानणं असं समजू नकोस. स्नूकरसारख्याच टेबलावरच्या ‘पूल’ या खेळात 2006 साली अमेरिकेतल्या रीनो शहरात मोठी स्पर्धा झाली. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस जिंकले, पहिलं बक्षीस होतं पाच लाख डॉलर. स्पर्धा संपल्यावर आयोजकांनी कळवलं की रक्कम एकदम देता येत नाही, आणि हप्ते पाडले. एवढ्या मोठ्या खेळाडूवर ही वेळ आली. हप्त्यांना माझा विरोध नाही, तारीख नसलेल्या हप्त्यांना आहे.

चेकचा आग्रह मी मुद्दाम धरतोय. चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्यांना 15 दिवस असतात. तरीही नाही दिले, तर त्यापुढच्या एका महिन्यात चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते. तोंडी वायद्यामागे असा काही आधार नसतो. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, हेही लक्षात ठेव.

कुणी म्हणेल, ‘पोस्टर म्हणजे काय करार आहे का?’ आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 8 सांगतं, की प्रस्तावातली अट पूर्ण करणं म्हणजेच तो प्रस्ताव स्वीकारणं. तू फी भरलीस, खेळलास, अंतिम फेरी गाठलीस. आणि कुणी ‘हा तर जुगार, कोर्टात टिकणार नाही’ असं घाबरवलं, तर त्याला मुंबई उच्च न्यायालयाचा 1931 सालच्या रिपोर्टात छापलेला निकाल सांग. पुण्यात दोन पैलवानांची कुस्ती ठरली होती. जो येणार नाही त्यानं दुसऱ्याला 500 रुपये द्यायचे आणि जिंकणाऱ्याला तिकिटांच्या पैशातून 1,125, असं ठरलं. एक जण आलाच नाही, दुसऱ्यानं 500 साठी दावा लावला. न्यायालयानं हा पैजेचा व्यवहार नाही असं ठरवलं. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात आखाड्यातल्या माणसाच्या शब्दाला करार मानलंय.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे सात महिन्यांनी काही बिघडलेलं नाही. ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नकोस. देणं लागतो हे लेखी कबूल केलं की त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजली जाते. पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते. स्पर्धा राज्य संघटनेच्या मान्यतेनं झाली असेल तर पत्राची प्रत संघटनेच्या सचिवांनाही दे.

राहिली एन्ट्रीची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एकट्या खेळाडूला वगळणं सोपं असतं. पण शेवटच्या आठातले आठही जण वगळून आयोजक स्पर्धा कुणाच्या जिवावर भरवतील? प्रेक्षक तुम्हालाच बघायला येतात. म्हणूनच आठ सह्या हव्यात. एखादा सही करायला कचरला तर त्याच्यावर रागावू नका. त्याची रक्कम पत्रात तशीच ठेवा.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून नागपुरातल्या सदर भागात दिवाळीनंतर खुली स्पर्धा भरवतोय. स्पॉन्सर निम्मी रक्कम आधी आणि निम्मी नंतर देतो म्हणतात. एकूण बक्षीस किती जाहीर करावं?
– एक आयोजक, नागपूर

उत्तर : आज बँकेत जेवढे आहेत, त्यातून खर्च वजा करून उरतील तेवढेच. प्रवेश फी किमान किती जणांची येईल ते सावधपणे धरा, नंतरची निम्मी रक्कम शून्य धरा. ती आली तर शेवटच्या दिवशी बक्षिसं वाढवा, खेळाडू आनंदानं टाळ्या वाजवतील. मी एकदा उलटं केलं होतं. स्पॉन्सरच्या तोंडी शब्दावर आकडा फुगवला, पैसे तीन महिने आले नाहीत आणि सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाचे वडील माझ्या दारात येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी बँकेतली मुदत ठेव मोडली.

फॉर्म भरतानाच प्रत्येकाचा पॅन आणि खात्याचा तपशील घ्या, कर कापणार असाल तर ते आधी सांगा आणि कापल्याचं प्रमाणपत्र द्या. पोस्टरवर ‘बक्षिसाची रक्कम अंतिम सामन्यानंतर सात दिवसांत बँक खात्यात जमा होईल’ ही ओळ घाला, आणि ती पहिल्या बक्षिसाच्या आकड्याएवढ्याच ठळक टाइपात छापा.